सातचा भोंगा: मोहित्यांच्या वडगावातला दीड तास

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. बहुतेक घरं शेतकऱ्यांची, नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची. 15 ऑगस्ट 2022 पासून या गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा, आणि मग ज्याला जे पाहायचं ते पाहायची मोकळीक. मधला दीड तास पोरांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलण्याचा.

बातमी तेव्हा देशभर गेली, बाहेरच्या देशांतही छापून आली. बहुतेकांच्या लक्षात गाव राहिलं ते 'मोबाईल बंद करणारं गाव' म्हणून. ही ओळख मला अपुरी वाटते. मोबाईल वाईट आहे असा ठराव करून वडगाव थांबलं नाही. मोठ्या माणसांनी आधी स्वतःची मालिका बंद केली, आणि ती सगळ्या गल्ल्यांनी एकाच वेळी बंद केली. वाढत्या वयाच्या पोरांसाठी शेजारीपाजारी मिळून काय करू शकतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे क्वचित सापडतं. म्हणून ते नीट उलगडून बघायला हवं.

वेळ तीच का आली

2022 चा जून आठवून बघा. मार्च 2020 मध्ये सातवीत असलेलं पोर त्या जूनमध्ये दहावीच्या बाकावर बसलं. मधल्या काळात सातवीची वार्षिक परीक्षा झाली नाही, आठवीची झाली नाही. गावाकडच्या शाळा 2021 च्या पावसाळ्यात कुठे उघडल्या, कुठे नाहीत. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे सुरू झाल्या आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा काही दिवस बंद राहिल्या. 2021 ची दहावीची बोर्ड परीक्षाच रद्द झाली होती, त्यामुळे पुढच्या पोरांसमोर मोठ्या भावाबहिणीच्या अभ्यासाचा नमुनाही नव्हता. तीन तास एका जागी बसून पेपर लिहिणं म्हणजे काय, हे त्या वर्षाच्या दहावीला जवळपास पहिल्यापासून शिकायचं होतं.

या दोन वर्षांत घरात फोन आला. अनेक घरांत तो शाळेनेच आणायला लावला. कर्ज काढून, शेळी विकून फोन घेतलेली घरं महाराष्ट्रात कमी नाहीत. 'असर' हा ग्रामीण शिक्षणाचा देशव्यापी पाहणी अहवाल सांगतो की 2018 मध्ये 36 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, 2022 पर्यंत हे प्रमाण 75 टक्क्यांच्या जवळ गेलं. शाळा उघडली तरी फोन परत गेला नाही. तो घरातच राहिला आणि अभ्यासाच्या जागी त्यावर खेळ आणि व्हिडिओ आले. 2024 च्या 'असर'मध्ये 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं गेलं. फोन वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के होते.

वडगावात तक्रार आधी शिक्षकांकडून आली. पोरं वर्गात येतात पण लिहायला कंटाळतात, वाचायला नको म्हणतात, शाळेआधी आणि शाळेनंतर फोनमध्येच असतात. गावातल्या घरांमधे अभ्यासाची वेगळी खोली नसते, हेही शिक्षकांनीच बोलून दाखवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली याच वाक्यात आहे.

सात वाजताचं घर

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं एक साधं घर घ्या. दोन खोल्या, पुढे ओसरी किंवा पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत कपाटावर टीव्ही, त्याच खोलीत दिवाण, त्याच खोलीत पोराचं दप्तर. सातच्या सुमारास डेअरीला दूध घालून किटली परत आलेली असते. आई आत भाकऱ्या थापत असते आणि दार उघडं ठेवून कान मालिकेकडे लावलेला असतो. आजी टीव्हीसमोर. बाप कारखान्यातून नाहीतर रानातून आलेला, हातपाय धुऊन दिवाणावर टेकलेला, हातात फोन. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर त्याला थोड्या वेळाने पुन्हा पाणी धरायला जायचं असतं, म्हणजे घरी बसायला मिळतो तो एवढाच तास. आणि याच खोलीत, याच दिव्याखाली, नववीतल्या पोराला कुणीतरी म्हणतं, "अरे, अभ्यासाला बस की."

कुठे बसायचं त्याने? आणि का बसावं? घरातलं एकही मोठं माणूस पडद्यावरून नजर हलवत नसताना त्याने भूमितीचं प्रमेय उघडावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. समजा बापाला हे उमगलं आणि त्याने आपला टीव्ही बंद केला. भिंतीपलीकडे चुलत्याचा टीव्ही चालूच आहे, आवाज येतोच आहे. पोरगं म्हणतं, "काकांकडे जातो," आणि निघून जातं. एका घराने चांगलं वागायचं ठरवलं तर त्या घराच्या वाट्याला फक्त भांडण येतं. गावातली, वाड्यातली, चाळीतली घरं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे हा प्रश्न एकट्या आईबापाच्या आवाक्यातला नव्हताच. आपण मात्र वर्षानुवर्षं तो आईबापाच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून मांडत आलो. शाळेच्या पालकसभेत उभं करून "घरी लक्ष द्या" असं सांगितलं जातं, आणि ऐकणारी बाई मान खाली घालते. तिच्या हातात नसलेल्या गोष्टीची लाज तिला वाटायला लावली जाते, आणि हे मला फार खटकतं.

पुरुष हसले, बायकांनी ठरवलं

तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी पत्रकारांना जे सांगितलं त्यात हा भाग सगळ्यात बोलका आहे. ग्रामपंचायतीने आणि शाळेच्या माणसांनी कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा गावातल्या पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग पंचायतीने बायकांना एकत्र बोलावलं. बायका म्हणाल्या, आम्हीही मालिका जरा जास्तच बघतो, सगळं गाव बंद करत असेल तर आम्ही तयार आहोत. त्यानंतर पुन्हा बैठक झाली, देवळावर भोंगा बसवायचं ठरलं. निर्णय 14 ऑगस्टच्या सभेत पक्का झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू झाला.

तारखा योगायोगाच्या नाहीत. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट हा ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांपैकी एक, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूद ग्रामपंचायत कायद्यात 2003 पासून आहे. कित्येक गावांत ही महिला सभा वहीतल्या सह्यांपुरती होते. सह्या घ्यायला शिपाई घरोघर फिरतो, झाली सभा. वडगावात बायकांच्या बैठकीतून गावाच्या रोजच्या वेळापत्रकाचा निर्णय पुढे सरकला. ज्या माणसांना आपापल्या घरातला सातचा गोंधळ रोज निस्तरावा लागतो, त्यांनाच विचारलं तर उत्तर सापडतं, हे तिथे दिसलं.

आणि त्या बायकांनी सुरुवात कुठून केली ते बघा. 'पोरं बिघडली' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'आम्ही जास्त बघतो' असं म्हणाल्या. पौगंडातल्या मुलाशी बोलताना या एका वाक्याने सगळा नूर बदलतो. पंधरा वर्षांच्या पोराला उपदेश समजत नाही असं नाही, त्याला उपदेश करणाऱ्याचं वागणं फार नीट दिसतं. आई स्वतः रिमोट ठेवून देते आणि मग म्हणते, "चल, बसू या," तेव्हा त्याच्याकडे उलटून बोलायला काही उरत नाही.

गल्लीतून फेरी

भोंगा बसवणं सोपं होतं. पहिल्या काही दिवसांत तो वाजायचा आणि टीव्ही चालूच राहायचे. तेव्हा ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट गल्लीगल्लीतून फिरायचे, दारात उभे राहून सांगायचे, सात वाजले, बंद करा. आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले आणि निवृत्त शिक्षक यात होते. काही आठवड्यांत ही फेरी अंगवळणी पडली आणि सरपंचांच्या म्हणण्याप्रमाणे नियम गावभर लागू झाला.

फेरी कोणी काढली याला महत्त्व आहे. आशा ताई योजनेच्या नियमानेच त्या गावची रहिवासी असते, अंगणवाडी सेविकाही तिथलीच. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचा पोरगा कुठे उनाडतो, कुणाच्या घरात रोज वाद होतात, हे त्यांना न विचारता माहीत असतं. तालुक्याहून आलेल्या साहेबाने दार वाजवलं असतं तर लोकांनी टीव्हीचा आवाज कमी करून त्याची पाठ वळायची वाट बघितली असती. गल्लीतल्या वहिनीला तसं फसवता येत नाही, कारण उद्या सकाळी तीच नळावर भेटणार असते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आशा ताईंना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि सातची फेरी त्या यादीत कुठेच बसत नाही. अंगणवाडी सेविकाही मानधनावर. दिवसभराचं काम करून, घरची चूल तशीच ठेवून त्या फिरल्या. गावागावांतल्या अशा उपक्रमांचं कौतुक होतं तेव्हा हार सरपंचाच्या गळ्यात पडतो, हे रीतीला धरून आहे. पण पोरांच्या पाठीशी उभं राहण्याचं जे काम शेजारधर्म म्हणून गणलं जातं, त्यातला मोठा वाटा याच बायका ओढतात. दुसऱ्या गावाने हा उपक्रम घ्यायचं ठरवलं तर फेरीची पाळी घरांमध्ये वाटून घ्यावी, आणि पुरुषांनी पहिल्या आठवड्याची पाळी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

परिणाम काय झाला हे गावकऱ्यांनी आपल्या शब्दांत सांगितलेलं आहे. एका आईने सांगितलं की पूर्वी दोन्ही पोरं खेळात नाहीतर टीव्हीत इतकी गुंतलेली असायची की लक्ष ठेवणं अवघड होतं, आता नवरा कामावरून येऊन त्यांचा अभ्यास घेतो आणि तिला स्वयंपाकघरातलं काम शांतपणे करता येतं. तीन मुलांच्या ऊस पिकवणाऱ्या बापाचं म्हणणं, पोरांचं लक्ष लागायला लागलंच, पण मोठी माणसंही घरात एकमेकांशी बोलायला लागली. मला या दुसऱ्या वाक्याचं मोल जास्त वाटतं. पंधरासोळा वर्षांच्या मुलाला धडा समजावून देणारं कोणी घरात असेलच असं नाही. बाप पाचवी शिकलेला असू शकतो. पण शेजारी बसून "आज काय झालं रे शाळेत?" असं विचारणारं माणूस असणं, ते रोज ठरावीक वेळेला मोकळं असणं, याला शिक्षण लागत नाही. त्या वयातली मुलं आपणहून फार बोलत नाहीत. कोणीतरी फोन खाली ठेवून समोर बसलेलं असेल तर चौथ्या पाचव्या दिवशी बोलतात.

एकत्र केल्याने काय बदलतं

या कोड्याचं उत्तर वडगावाच्या आधी एका लांबच्या देशाने शोधून काढलं होतं. आइसलँडमध्ये नव्वदच्या दशकात किशोरवयीन मुलांमधे दारूचं प्रमाण युरोपात वरच्या पातळीवर होतं. 1998 मध्ये 15 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्क्यांनी गेल्या महिन्याभरात दारूने नशा झाल्याचं सांगितलं होतं. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यामागे पुष्कळ गोष्टी होत्या: खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांना सरकारी पैसा, वयाचे कायदे, दरवर्षीची पाहणी. पण दोन गोष्टी अगदी शेजारपातळीच्या होत्या. एक म्हणजे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहाच्या आत घरी यायचं, उन्हाळ्यात बाराच्या आत, हा सगळ्यांसाठी एकच नियम. दुसरं म्हणजे आठवड्याच्या शेवटी रात्री वस्तीतल्या आईबापांनी गटागटाने आपल्या भागात फेरी मारायची, बाहेर दिसलेल्या पोराला हटकायचं, घरी जा म्हणायचं. ते पोर कोणाचं आहे हा प्रश्न नाही.

"सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही." जगातल्या कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलाचं हे हुकमी वाक्य आहे, आणि आईबाप याच वाक्यासमोर हरतात. वस्तीने मिळून वेळ ठरवली की ते वाक्य खोटं पडतं. मुलालाही त्यातून सुटका मिळते. मित्रांच्या गटात 'मला घरी ओरडतात' असं सांगायला लाज वाटते, 'भोंगा झाला' असं सांगायला वाटत नाही. रात्री आठला गटावर उत्तर दिलं नाही तर आपण मागे पडू ही धास्तीही राहत नाही, कारण बाकीचेही तेव्हा नसतात. भोंग्याचं मोठेपण यात आहे की तो कोणाच्याच बापाचा आवाज नाही. घरातलं रोजचं "ठेव तो फोन" हे भांडण घराबाहेर गेलं, आणि बाप मुलाच्या विरुद्ध बाजूला उभा राहायचा तो त्याच्या बाजूला येऊन बसला.

तरी आइसलँडकडून एक गोष्ट आपण घेतलेली नाही, ती म्हणजे मुलांना नियमाने विचारणं. तिथे शाळाशाळांतून मुलांची पाहणी होते आणि निकाल थोड्याच आठवड्यांत त्या त्या शाळेला, त्या वस्तीला परत मिळतात. आपल्या वस्तीतल्या पोरांचं काय चाललंय हे आईबापांना आकड्यांत दिसतं. एका गावाला एवढा व्याप झेपणार नाही, मान्य. पण शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना वर्षातून दोनदा दहा प्रश्न नाव न लिहिता विचारायला कागदाखेरीज काही लागत नाही. रात्री किती वाजता झोपतोस, घरात कोणाशी बोलतोस, कोणत्या विषयाची भीती वाटते. उत्तरं महिला सभेत वाचून दाखवावीत.

फक्त पोरांना बंदी घातली तर

वडगावची बातमी पसरली आणि तीनच महिन्यांत राज्यातली इतर गावं पुढे आली. धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने असाच संध्याकाळचा वेळ ठरवला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये दुसरी वाट धरली: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी, आणि न ऐकणाऱ्यांना दंड. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही, काळजीपोटीच तो ठराव झाला. पण या दोन वाटांमध्ये मला फार अंतर दिसतं.

बंदीच्या वाटेवर मोठी माणसं नियमाच्या बाहेर राहतात. बापाच्या हातात फोन चालूच, मुलाच्या हातातला तेवढा काढून घ्यायचा. मग मुलगा लपून बघतो, मित्राच्या फोनवर बघतो, शेतातल्या खोपीत बसून बघतो. काही वाईट घडलं, कोणी फोटो मागितला, कोणी धमकावलं, खेळात पैसे गेले, तर तो घरी सांगू शकत नाही, कारण मुळात फोन वापरणंच गुन्हा ठरलेलं असतं. वडगावच्या वाटेवर फोन गुन्हा ठरत नाही. साडेआठला तो परत हातात येतो, सगळ्यांच्या देखत.

जपानच्या आइची प्रांतातल्या तोयोआके शहराने 1 ऑक्टोबर 2025 पासून एक स्थानिक नियम केला. काम आणि अभ्यास सोडून फोन दिवसाला साधारण दोन तासच वापरावा, असं त्यात सुचवलं आहे. तो मुलांना लागू आहे आणि मोठ्यांनाही, आणि त्यात दंड नाही. तोयोआकेकरांनी वडगावचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमी, पण दोघांची समज एकच दिसते.

ग्रामपंचायतीला एखाद्याच्या घरातला टीव्ही बंद करायचा कायदेशीर अधिकार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वडगावचा नियम उभा आहे तो संमतीवर. म्हणून त्याची डागडुजीही संमतीनेच करत राहावी लागते. सरपंच बदलतात, गावात गट असतात, निवडणुकीत घरं फुटतात. भोंगा एका पुढाऱ्याच्या नावावर चढला तर पुढच्या निवडणुकीनंतर विरोधी गटाचे टीव्ही सातला मुद्दाम मोठ्याने लागतील. तो महिला सभेच्या नावावर राहिला तर टिकायची शक्यता जास्त.

नियमाबाहेर राहिलेली पोरं

आता मला ज्यांची खरी काळजी वाटते त्यांच्याविषयी. पहिली, नववीदहावीतली मुलगी. सात ते साडेआठ हीच भाकरीची वेळ. टीव्ही बंद झाला, भाऊ पुस्तक घेऊन बसला, आणि ती चुलीपुढे पीठ मळत असेल तर तो दीड तास तिच्या वाट्याला आलाच नाही. फेरी काढणाऱ्यांनी दारातून टीव्हीचा आवाज ऐकून पुढे जाऊ नये. "ताई, पोरगी कुठाय?" एवढं विचारावं. स्वयंपाक अर्धा तास आधी उरकणं किंवा बापाने भाजी चिरायला बसणं, ही गोष्ट ठराव करून होणारी नाही, पण विचारणारं कोणी असलं तर हलते.

दुसरी, अकरावीबारावीतली आणि दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुलं. त्यांच्यासाठी फोन हाच वर्ग आहे. पोलीस भरतीच्या सराव प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, आयटीआयची प्रवेशयादी, भौतिकशास्त्राचे धडे, सगळं त्यावरच. तालुक्याच्या गावाला जाऊन यायला एसटीत दोन तास मोडणाऱ्या पोराला संध्याकाळीच वेळ मिळतो. अशा मुलांसाठी शाळेची एक खोली किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह त्या वेळी उघडं ठेवलं, दिवा आणि वायफाय दिलं आणि एक मोठं माणूस तिथे बसलं, तर नियमही राहतो आणि अभ्यासही होतो. गावोगावच्या अभ्यासिका याच गरजेतून उभ्या राहिल्या आहेत.

तिसरी मुलं गावच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. दसऱ्यादिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागातून या पट्ट्यात उतरतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत राहतात. फडाजवळ, कारखान्याच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यात तेराचौदा वर्षांची पोरं असतात. धाकट्याला सांभाळणारी, पाचट गोळा करणारी, कोयता हातात घेतलेलीही. देवळावरच्या भोंग्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो. बंद करायला त्यांच्याकडे टीव्ही नाही, आणि उघडायला पुस्तकही नाही. ज्या गावाने आपल्या पोरांसाठी रोजचा दीड तास काढून दाखवला, त्या गावाला कोप्यांवरच्या दहावीस पोरांना हंगामापुरतं शाळेच्या ओसरीवर बोलावणं जड जाणार नाही. ऊस गावाचा आहे, तो तोडणाऱ्यांची पोरं तेवढ्या महिन्यांपुरती गावचीच आहेत.

हा उपक्रम आपल्या गावात, सोसायटीत किंवा चाळीत आणायचा विचार करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. भोंगा विकत घ्यायच्या आधी बायकांची सभा घ्या, आणि तिच्या आधी पोरांची. बालसभा आता बऱ्याच गावांत भरते, बहुधा स्वच्छतेवर घोषणा देण्यापुरती. तिथे बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींना वेगवेगळं बसवून विचारा: संध्याकाळी कोणत्या वेळी घरात शांतता हवी, ती कोण मोडतं, आणि तुम्ही स्वतः काय बंद करायला तयार आहात. वेळ त्यांनी सहाची सांगितली तर सहाची ठेवा. मोठ्यांच्या नावाने तक्रार आली तर ती महिला सभेत जशीच्या तशी वाचा, आणि ठरावाखाली पहिल्या सह्या ज्यांच्याविषयी तक्रार आली त्यांच्या घ्या.